पस्तीस टोप्या

सव्वीस वर्षं मी शाळकरी मुलांना रस्ता शोधायला शिकवलं. होकायंत्र हातात कसं धरायचं, नकाशा उत्तरेला कसा लावायचा, टेकडीच्या आकारावरून आपण कुठे उभे आहोत हे कसं ओळखायचं. आणि मी स्वतः बेंगळूरच्या जयनगरात हरवते. जन्म तिथला, घर तिथलं, तरी नवव्या मेनवरून अकराव्या क्रॉसला जाताना मी अजून एखाद्या फुलवालीला विचारते. सगळे रस्ते सरळ, सगळे कोपरे सारखे, नजरेला धरायला एक टेकडी नाही. जंगलात मी कधी चुकले नाही. निदान वाट तरी नाही चुकले.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा सांगितलं की गमतीजमती लिहा, आणि तुमचं बेंगळूरी मराठी तसंच राहू द्या, स्वल्प कानडी चालेल. गमती भरपूर आहेत. पण खरं सांगायचं तर हा लेख मी एका गोष्टीसाठी लिहायला घेतला आहे. चार वर्षांपूर्वी एक खरी गोष्ट मी एका आईला नीट सांगितली नाही. त्याचं ओझं तिच्या मुलीवर पडलं. ते उतरवायचं आहे. कसं, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही, म्हणून जरा इकडून तिकडून जाते.

आमचा धंदा काय ते आधी सांगते, कारण नातेवाईकांना तो कधीच कळला नाही. माझ्या नणंदेला वाटायचं मी मुलांना सहलीला नेते. सहलीत मुलं बघतात, शिबिरात मुलं करतात. शाळा पाचवी ते नववीचा एखादा वर्ग तीन दिवसांसाठी आमच्याकडे पाठवते. कनकपुऱ्याच्या बाजूला आमची जागा होती. बारा तंबू, एक स्वयंपाकघर, मागे खडक, पुढे तळं. मुलं दोराने खडक उतरत, पिंपं आणि बांबू बांधून तराफा करत, आपली ताटली आपण घासत. ताटली घासणं हा सगळ्यात अवघड साहसी प्रकार. खडकावरून हसत उतरलेली मुलगी आमटीचं तेल बघून रडलेली मी पाहिली आहे.

आईवडिलांकडून आम्ही एक फॉर्म भरून घ्यायचो. त्यात एक प्रश्न असे, मुलाला कशाची भीती वाटते? एका वडिलांनी तिथे सात भित्या लिहिल्या होत्या. पाणी, उंची, कुत्रा, अंधार वगैरे. मुलगा आला तर उंचीवर माकडासारखा, पाण्यात बदकासारखा. तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "त्या अप्पांच्या आहेत." एका आईने मुलाच्या प्रत्येक कपड्यावर दिवस आणि वेळ लिहून पाठवलं होतं. मुलाने तिन्ही दिवस एकच शर्ट घातला आणि बाकीचे तसेच घडीचे परत नेले. मुलं मला कधी कोड्यात टाकत नसत, टाकत ते आईबाप. मुलाला थोडं एकटं राहायला शिकवा म्हणून आमच्याकडे पाठवायचे, आणि बस कनकपुऱ्याच्या रस्त्याला लागायच्या आत त्यांचा पहिला फोन यायचा.

आमच्या कामात तीन नियम देवासारखे. पहिला मोजणीचा. प्रत्येक मुलाला एक नंबर, तोच नंबर ताटलीवर, मगवर, स्वयंपाकघराबाहेरच्या खिळ्यावर. तासातासाला मुलांनी ओळीत आपापला नंबर मोठ्याने सांगायचा. दुसरा जोडीचा. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि जोडीदार कुठे आहे हे ज्याला त्याला माहीत असलं पाहिजे. मुलं विषम असली तर जो एकटा उरतो त्याचा जोडीदार शिबिराची प्रमुख, म्हणजे मी. तिसरा नियम एकांताचा, आणि तो जरा समजावून सांगावा लागेल.

एकांत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मुलाला तळ्याच्या काठाने एकेका झाडाखाली बसवायचं. शेजारचा दिसू नये इतक्या अंतरावर. चाळीस मिनिटं बोलायचं नाही, उठायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण चावट मुलं एकमेकांना मुद्दाम हाका मारतात. आम्ही परत येऊन खांद्यावर हात ठेवला की उठायचं. मग मुक्यानेच ओळीत मैदानावर यायचं, वर्तुळ करून बसायचं आणि कुणाला काय वाटलं ते सांगायचं. हा प्रकार ज्याने कुणी शोधला तो शहाणा माणूस असणार. शहरातल्या मुलाला चाळीस मिनिटं कुणी काही विचारत नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असतं.

तर त्या वर्षी सातवीचा एक वर्ग आला. पस्तीस मुलं. सतरा जोड्या झाल्या आणि एक मुलगी उरली. सानिका, नंबर सत्तावीस. जूनमध्येच पुण्याहून आलेली, महादेवपुऱ्याकडे कुठल्याशा उंच इमारतीत राहणारी. वर्गात अजून कुणाशी गट्टी नव्हती. मराठी ऐकून ती मला चिकटली. बाकी सगळे मला अक्का म्हणत, ती ताई म्हणायची. नियमाप्रमाणे मी तिची जोडीदार झाले, आणि खरं म्हणजे मला ते आवडलं. आमच्या घरचं मराठी तीनशे वर्षं इथे राहून अर्धं कानडी झालेलं. तिचं पुणेरी ऐकायला गोड वाटत होतं.

वर्गशिक्षिकेसोबत त्यांची आठ वर्षांची मुलगी पण आली होती, घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. यादीत तिचं नाव नाही, नंबर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मुलांच्या डोक्यावर आमची पिवळी टोपी बघून ती हटून बसली. मला दया आली. एक टोपी तिला दिली. ही टोपी लक्षात ठेवा.

नऊ वाजता मुलांना एकांतासाठी बसवलं. एका टोकाने मी, दुसऱ्या टोकाने माझा सहकारी मंजू. मंजू माझ्यासोबत अकरा वर्षं होता, हुशार आणि अबोल. माझ्या बाजूचं शेवटचं झाड चिंचेचं, तळ्याच्या वळणाआड. तिथे मी सानिकाला बसवलं. तिने विचारलं, नक्की तुम्हीच याल ना? म्हटलं, हो, मीच. पावणेदहाला उठवायला निघालो. मला वाटलं चिंचेपासून पुढे मंजू घेईल, मंजूला वाटलं चिंचेपर्यंत मी घेतलं. अकरा वर्षं आम्ही हे एका शब्दाशिवाय करत होतो, म्हणून त्या दिवशीही एक शब्द बोललो नाही. आणि नेमकं त्या सकाळी मी एका रडणाऱ्या मुलाला मैदानावर सोडून यायला मध्येच वळले होते.

ओळ मैदानाकडे निघाली. एकांतानंतर मुकेपणा पाळायचा असतो, तेव्हा नंबर बोलवता येत नाहीत. मी मागून डोकी मोजली. पस्तीस. ओळीच्या शेवटी वर्गशिक्षिकेची मुलगी मोठ्या मुलांसारखी गंभीर तोंड करून चालत होती. मी मुलं मोजली नाहीत, टोप्या मोजल्या.

वर्तुळात बसलो असतो तर जागा रिकामी दिसली असती. पण ऊन चढत होतं, पिंपं काठावर आली होती, आणि मी वर्तुळ गाळलं. सव्वीस वर्षांत किती वेळा गाळलं असेल, त्याचं कधी काही झालं नाही.

तराफ्यासाठी तरंगायची जॅकेट वाटताना मंजू म्हणाला, एक उरलं. तेवढ्यात वर्गशिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, सानिका तंबूतच आहे. माझ्या जिवाला बरं वाटलं. वाटलं, पोट दुखत असेल, वयात येणाऱ्या मुली आहेत, तराफा झाला की बघून येते. तासाच्या मोजणीत सत्तावीस आला नाही तेव्हाही मी तंबूच धरला. आता हे त्यांना कसं कळलं, ते ऐका. सानिकाच्या आईने मुलीच्या बॅगेत एक बटणाएवढं यंत्र शिवून ठेवलं होतं, ते कुठे आहे हे आईला मोबाइलवर दिसे. मोबाइल आम्ही काढून घेतो, त्यावर हा तोडगा. नकाशावरचा निळा ठिपका सकाळपासून तंबूतून हलेना, तेव्हा आईने बाईंना विचारलं, ही बाहेर का जात नाही, बरी आहे ना? बाईंना वाटलं आईला माहीत आहे म्हणजे असेलच. त्यांनी उत्तर दिलं, हो, तंबूत आराम करते आहे. आणि मला येऊन तेच सांगितलं. म्हणजे यंत्राने आईला सांगितलं, आईने बाईंना, बाईंनी मला, आणि बाईंनीच परत आईला. चौघांची खात्री पटली. तंबूत जाऊन कुणीच बघितलं नव्हतं.

बघितलं ते केंपक्काने. केंपक्का आमची स्वयंपाकीण. शाळेत गेली नाही, मुलं मोजत नाही. जेवणाच्या वेळी ती फक्त खिळ्यांकडे बघते, कारण प्रत्येक मूल आपली ताटली खिळ्यावरून स्वतः काढून घेतं. सव्वाबाराला तिने विचारलं, "इप्पत्तेळु यारदु?" सत्तावीस कुणाची? म्हटलं, तंबूत आहे, बरं नाही तिला. केंपक्का वाडग्यात पातळ भाताची गंजी घेऊन गेली आणि भरला वाडगा घेऊन परत आली. तंबूत बॅग होती, मुलगी नव्हती.

 समोर तळं होतं. आत्ताच त्यात दोन तास गोंधळ घातला होता आम्ही. मंजू झाडांमागच्या वाटेने हाका मारत पळाला आणि मुलं जेवता जेवता उभी राहिली. तो चिंचेवरून पुढे गेला, परत आला, म्हणाला, कुठेच उत्तर नाही. मी पाण्याकडे बघत उभी होते. जॅकेट उरलं होतं म्हणजे ती पाण्यात गेली नव्हती, हे साधं गणितही मला जमत नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. शेवटी मनातल्या मनात सकाळपासून एकेक झाड पुन्हा मोजायला लागले. पेरू, जांभूळ, तीन नारळ, चिंच. चिंचेखाली कुणाला बसवलं? मग मी पळाले. या गुडघ्यांनी पळाले.

ती बुंध्याच्या पलीकडे, तळ्याकडे तोंड करून मांडी घालून बसली होती. सावली सरकेल तशी जमिनीत एक एक काडी खोचलेली. तिच्यासमोर काड्यांची वाकडी रांग झाली होती. सँडलवर मुंग्या. मी हाका मारत गेले तरी तिने मान वळवली नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, हात."

मी खांद्यावर हात ठेवला. मग ती उठली. पाय बधिर झालेले, ती सरळ माझ्या अंगावर पडली. मी रडत होते, ती नव्हती.

विचारलं, मंजूची हाक ऐकू आली नाही? आली म्हणाली, पण त्याने हात कुठे ठेवला? तुम्हीच येणार म्हणाला होतात. घाबरली नाहीस? त्यावर ती म्हणाली, "आधी भीती वाटली. मग खूप कंटाळा आला. मग काहीतरी छान झालं, ते मला सांगता येत नाही."

इथे माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. माझी चूक होती, अक्षम्य चूक. पण ज्यासाठी आम्ही मुलांना त्या झाडांखाली बसवतो ते सव्वीस वर्षांत एका मुलीला पुरतं मिळालं असेल तर ते माझ्या चुकीमुळे मिळालं. याचा काय अर्थ लावायचा? मंजू म्हणाला, अर्थ लावू नका अक्का, टोप्या मोजू नका, नंबर बोलवा. तो बरोबर होता. पुढे आम्ही एकांतानंतरही नंबर बोलवायला लागलो आणि मुकेपणाचा नियम गेला तो गेलाच.

आमच्याकडे माझा एक स्वतःचा नियम होता. मुलाला काही झालं, खरचटलं तरी, शाळेच्या फाटकावर आईबापांना मी स्वतः, तोंडाने सांगणार. परतीच्या बसमध्ये सानिका माझ्याशेजारी बसली होती. आईला सांगणार का, तिने विचारलं. म्हटलं, सांगणार. तुला नको आहे का? ती म्हणाली, सांगा, मी सांगितलं तर तिला खोटं वाटेल.

फाटकावर तिची आई ऑफिसमधून थेट आली होती, पाठीवर लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर तीन दिवसांची राहिलेली झोप. मी बाजूला घेऊन सगळं सांगायला लागले. दोन वाक्यं झाली असतील. त्यांनी मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. आदल्या दिवसाची नोंद, निळा ठिपका, तंबू.

"नाही हो ताई, ती टेंटमध्येच होती. मॅमनी पण कन्फर्म केलंय. तुमचं दुसऱ्या कुणाशी तरी मिक्स होतंय. एवढी मुलं असतात, होतं असं."

मी वर्गशिक्षिकेकडे बघितलं. त्या आपल्या मुलीची पिवळी टोपी घडी करत होत्या, वर बघेनात. त्यांना नोकरी सांभाळायची होती, आणि ती तंबूत आहे हे उत्तर त्यांनीच दिलेलं होतं. मी पुन्हा तोंड उघडलं. सानिकाच्या आई प्रेमाने हसत होत्या. मला समजून घेत होत्या. उलट मलाच धीर देत होत्या.

आणि मी म्हणाले, "सरी, बरं. असेल."

का म्हणाले? खूपदा स्वतःला विचारलं आहे. दमले होते हे खरं. बस दुसऱ्या शाळेला जायची होती हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं काम मी केलं होतं, त्यांनी घेतलं नाही, माझा काय दोष, असं मनाने झटकन ठरवून टाकलं. सानिका तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गणित मांडताना बाईंनीच चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं तर मूल जसं बघतं, तसं.

या उन्हाळ्यात ती माझ्या घरी आली. आता सोळा वर्षांची, उंच, रिक्षावाल्याशी कानडीत घासाघीस करणारी. मला अक्का म्हणायला लागली आहे. पत्ता मंजूकडून मिळवला म्हणाली, आणि जयनगरात घर शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. शिबिरांत काम करायला शिकवणारा एक वर्ग असतो, त्याला तिला जायचं आहे. अर्जात आधीचा अनुभव लिहायचा होता. तिने लिहिलं होतं, एकांत, सव्वातीन तास. लिहिल्यावर हात थांबला.

चहा घेताना तिने जे सांगितलं ते मी कमीत कमी शब्दांत लिहिते. त्यांच्या घरात एक म्हण झाली आहे. सानिका काही वेगळं, कुणाला न पटणारं बोलली की सगळे हसून म्हणतात, आली हिची टेंटमधली गोष्ट. प्रेमानेच म्हणतात. आधी ती भांडायची. मग भांडायची थांबली. आणि आता तिचा स्वतःचाच भरवसा उडाला आहे. ठिपका होता, मॅमचं उत्तर होतं, आणि खुद्द ताईसुद्धा ‘असेल’ म्हणाल्या होत्या.

"अक्का, मी तिथे होते ना?"

मी म्हटलं, होतीस. चिंचेखाली. काड्यांची रांग होती, मुंग्या होत्या. ती मोठ्याने रडली, त्या दिवशी रडली नव्हती ते सगळं. मग डोळे पुसून विचारलं, "मग तुम्ही ‘असेल’ का म्हणालात?"  वर लिहिलं आहे तेवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, हं. त्या हं मध्ये माफी होती की नव्हती ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

म्हटलं, तुझ्या आईला आत्ता फोन करते. ती म्हणाली नको, आई फोनवर मीटिंगमध्ये असल्यासारखं ऐकते, आणि पुन्हा तुम्हालाच समजावेल. लिहून द्या. आई दिवाळीला हा अंक मागवते आणि जाहिरातींसकट वाचते. नाव बदलू का विचारलं, तर म्हणाली, बदललं तर पुन्हा दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट होईल.

म्हणून हे एवढं लिहिलं. गमतीजमती कमी झाल्या, संपादकांनी क्षमा करावी. सानिकाच्या आई, तुम्ही इथपर्यंत आला असाल तर ऐका. त्या दिवशी सकाळी पावणेदहापासून सव्वाबारापर्यंत तुमची मुलगी कुठे आहे हे आम्हा मोठ्यांपैकी कुणालाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. मला तेव्हा फाटकावर हे धडपणे सांगता आलं नाही. तंबूत होती ती बॅग. सानिका चिंचेखाली होती, मी सांगितलं होतं तिथेच.